तात्यांच्या गाडीचं नवं तोंड

गेल्या वर्षी ज्या गाडीची तारीफ करायला मी माणसं तयार केली, त्याच गाडीला या वर्षी नाकं मुरडायला शिकवायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. कंपनी दर वर्षी सगळ्यात लहान गाडीपासून मोठ्या एसयूव्हीपर्यंत प्रत्येकीत काही ना काही बदलते. मग आम्हा ट्रेनर मंडळींना चाकणला बोलावून घेतात, थंडगार हॉलमध्ये बसवतात, आणि कशाला काय म्हणायचं ते सांगतात. मधल्या गाडीची स्टेपनी काढून पंक्चरचं किट ठेवलं, तर 'डिकीत जागा वाढली' म्हणायचं. स्टेपनी गेली हे ग्राहकाने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. लहान गाडीला एअरबॅग वाढवल्या, की आवाज गंभीर करून लेकराबाळांचा विषय काढायचा. करड्या रंगाला नवं नाव दिलं, की तो नवा रंग. हे सगळं मी आमच्या शोरूमच्या सेल्समन लोकांकडून घोटवून घेते.

आणखी एक गोष्ट शिकवते, ती कंपनीने सांगितलेली नाही, माझी स्वतःची आहे. जुनी गाडी घेऊन माणूस सर्व्हिसिंगला आला, की त्याला नव्या मॉडेलच्या शेजारी गाडी लावायला सांगायची आणि गप्प उभं राहायचं. काही बोलायचं नाही. पाहुण्यांसमोर आपलंच पोर शेंबडं निघावं तसा तो माणूस आपल्या गाडीकडे बघायला लागतो. तेवढं पुरतं. मला याची लाज वाटत नाही. लोकांना जे हवं असतं ते आम्ही विकतो, आणि लोकांना शेजाऱ्याच्या पुढे जायचं असतं.

आमचं मोशी तर त्यासाठीच वसवल्यासारखं आहे. जमिनी बिल्डरांकडे गेल्या, इमारती उभ्या राहिल्या, आणि ज्यांच्या गोठ्यात बैल होते त्यांच्या दारात एसयूव्ही आल्या. पूर्वी बैलाचे दात बघून वय सांगायचे, आता गाडीची पुढची जाळी बघून मॉडेल सांगतात. गावात कुणाचं चुकत नाही. एखाद्याने भाच्याच्या लग्नात जुन्या मॉडेलची गाडी नवी म्हणून मिरवली, तर जेवणाच्या पंगतीतच त्याचं वस्त्रहरण होतं.

या सगळ्यात माझे बाबा वेगळे पडले होते. आयटीआय करून आकुर्डीच्या कंपनीत लागले, तिथूनच रिटायर झाले, आयुष्यभर स्कूटर चालवली. बाबांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, शेजारच्याच घरात. मधे एक भिंत. तात्यांनी शाळा सोडून औत धरलं म्हणून बाबा शिकू शकले, हे आमच्या घरात रोजच्या मिठासारखं होतं. तात्या ते कुणाला विसरू देत नसत, आणि बाबांना ते विसरायचं नव्हतं. दादाने बोलावलं की बाबा ताटावरून उठत. आईला ते आवडायचं नाही. मलाही नाही.

त्या वर्षी तात्यांनी ठरवलं, पाडव्याला दारात मोठी गाडी आणायची. आमच्याच कंपनीची, सगळ्यात वरची. मला नुकतंच चाकणच्या हॉलमध्ये कळलं होतं, की पाडवा झाला की याच गाडीचं सगळं तोंड बदलणार आहे. पुढची जाळी, हेडलाइट, बंपर, वर सनरूफ, मागचे दिवेसुद्धा. हे बाहेर बोललं तर नोकरी जाते, तशी सही घेतात. तरी मी गेले. तात्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते, भोवती भावकीतले दोन-तीन जण.

"तात्या, पाडव्याला नका घेऊ. अक्षय तृतीयेपर्यंत थांबा. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग बाकीच्यांकडे. "ऐकलं का? पाडव्याला चुलत्याच्या दारात गाडी नको म्हनती."

"तसं नाही तात्या. नवीन मॉडेल येतंय."

"तुझ्या शोरूमला आत्ता गाडी शिल्लक नसंल, म्हनून थांबवतीस व्हय मला?" तात्या हसले. "आगं, आमच्या गाडीचं मॉडेल जुनं व्हईल तेव्हा व्हईल. तुझंच होत चाललंय, त्याचं बघ. काय राव, डिस्काउंट लावून उजवून टाकायला पायजे हिला!"

सगळे खो खो हसले. मी लग्न केलेलं नाही, हे गावाला माझ्यापेक्षा जास्त बोचतं. मी घरी आले आणि भांडी आदळली. बाबा म्हणाले, "मनावर घिऊ नको. दादाचं बोलनं तसंच हाय."

आता कुणी म्हणेल, घरचं माणूस शोरूममध्ये, आतली बातमी फुकट सांगतंय, आणि हा माणूस ऐकत नाही? पण आमच्याकडे हे असंच असतं. परक्या दलालाने सांगितलं असतं तर तात्या थांबले असते. सख्ख्या पुतणीने सांगितलं म्हणजे त्यात काहीतरी डाव असणारच. भावकीचा सल्ला उलटा धरायचा, यावर गावाची श्रद्धा आहे.

तात्या दुसऱ्या शोरूमला गेले आणि पाडव्याला गाडी घेऊन आले. झेंडूच्या माळा, चौकात फ्लेक्स, त्यावर गाडीपेक्षा मोठे तात्या. बाबांच्या पायांना तेव्हा सूज यायला लागली होती. तरी ते नवा सदरा घालून गेले आणि दादाच्या गाडीसमोर नारळ फोडताना लहान पोरासारखे खुश होते.

अक्षय तृतीयेला समोरच्या आळीतल्या चुलत चुलत्याने नवं मॉडेल आणलं.

मी सुट्टीवर होते, म्हणून मला सगळं बघायला मिळालं. त्याने गाडी मुद्दाम तात्यांच्या गाडीशेजारी लावली. मला कौतुक वाटलं, कारण माझ्या सेल्समनना हे शिकवायला मला दोन दिवस लागतात. लोक जमले. नव्या गाडीची जाळी थेट खालपर्यंत, दिव्यांची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत. गावातला एक म्हातारा दोन्ही गाड्यांभोवती फिरला आणि भोळेपणाने म्हणाला, "तात्या, तुमचं हे आधीचं का वो?"

तात्या तडक आमच्या दारात आले. मागून बघे आलेच.

"तुझ्या पोरीला ठावं हुतं!" बाबांवर ओरडले.

मी बाहेर आले. "तात्या, मी सांगितलं होतं तुम्हाला. भावकीसमोर सांगितलं होतं."

"सांगितलंस. पन जोर दिऊन न्हाई सांगितलंस! सख्खा चुलता खड्ड्यात पडतोय म्हनल्यावर मानूस हात धरून वढतं."

मला हसू आलं. खरंच आलं, आणि मी ते दाबलं नाही. तात्यांचा चेहरा लाल झाला. चारचौघांत ते बाबांना म्हणाले, "ध्यानात ठेव. माझ्या त्या गाडीचं तोंड बदलंल तवाच तुझ्या दारात पाय ठेवीन. तोवर भाऊ म्हनून हाक मारायची न्हाई."

लोकांना वाटलं रागाच्या भरात बोलले, उतरेल. मलाही वाटलं. पण तात्यांनी शब्द चारचौघांत दिला होता, आणि गावात दिलेला शब्द गिळणं म्हणजे जुनी गाडी नवी म्हणून मिरवण्याइतकंच लाजिरवाणं.

पावसाळा संपता संपता बाबांच्या फुप्फुसांनी दगा दिला. दवाखाने झाले. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, जपा, फार दिवस धरू नका. आम्ही ऑक्सिजनचं मशीन घरी आणलं. दिवसरात्र त्याची घरघर, आणि त्याच्या लांब नळीला बांधलेले बाबा.

त्यांनी एकच गोष्ट मागितली. कुठला देव नाही, कुठला पदार्थ नाही. "दादाला येकदा बोलीव."

आईने चुलतीकडे निरोप धाडला. चुलती भिंतीपलीकडून भाकरी-कालवण घेऊन यायची, पदराने डोळे पुसायची, आणि म्हणायची, "ह्यांचं कोन ऐकतंय? शब्द दिलाय म्हनत्यात." मी स्वतः जाऊन सांगितलं, की बाबांचे थोडे दिवस राहिलेत. तात्या टीव्ही बघत होते. म्हणाले, "मला काय भावाची माया न्हाई व्हय? पन मी शब्द दिलाय. तुमीच आनली ही येळ."

मी घरी येऊन बाबांना म्हटलं, असला भाऊ गेला खड्ड्यात. बाबांनी माझ्यावर डोळे वटारले. धाप लागत होती तरी बोलले, "तो शब्दाचा पक्का हाय. तुला शिकवीन म्हनला, म्हनून तर मी शिकलो." त्यांना त्या आडमुठेपणाचाही अभिमान होता! मला त्यांचा इतका राग आला, की मी गच्चीवर जाऊन रडले.

मग मी ठरवलं. तोंड बदलायचं आहे ना? बदलून देऊ.

ही कामं होतात. नवं मॉडेल आलं, की जुन्या गाडीला पुढून नव्याचे पार्ट बसवून देणारी गॅरेजं चाकण रोडला आहेत. अशा गाड्या सर्व्हिसिंगला आल्या की मी माझ्या लोकांना त्या दुरून दाखवायचे आणि आम्ही त्यांची टिंगल करायचो. आता मी स्वतः त्यातलं एक करायला निघाले होते. तात्यांना फोन केला. "तात्या, गाडीचं तोंड बदलून देते. मग याल?"

पलीकडून तात्या म्हणाले, "मागचे दिवे बी?"

"आधी पुढचं करू. शब्द तोंडाचा होता."

"बरं. टपाला ते काचेचं भोक पाडता येतं का?"

"नाही तात्या."

"मग काय उपेग," म्हणाले, पण गाडी द्यायला तयार झाले.

पार्टचा तुटवडा होता. नवीन मॉडेलला मागणी एवढी, की कारखान्यात नव्या गाड्यांनाच पार्ट पुरत नव्हते, सुट्या पार्टला कोण विचारतो. हेडलाइट आले, बंपर आला, जाळी येईना. इकडे बाबांचं बोलणं कमी होत चाललं. मी रोज पार्टच्या काउंटरला फोन करायचे, कधी गोड बोलायचे, कधी शिव्या घालायचे. काउंटरवरचा माणूस एकदा वैतागून म्हणाला, "मॅडम, जाळीच आहे, कुणी मरत नाही त्याच्यावाचून." मी फोन ठेवला.

शेवटी जाळी आली. गॅरेजमध्ये तात्या स्वतः हजर. जुना बंपर, जाळी, दिवे काढले, तेव्हा ती एवढी मोठी गाडी कवळी काढलेल्या म्हातारीसारखी दिसायला लागली. तात्यांना ते बघवेना. मेकॅनिकला दर पाच मिनिटांनी सांगत होते, "बघ हां भावा, फट दिसता कामा न्हाई." भावाच्या तब्येतीची चौकशी त्यांनी एकदाही केली नाही. मी मुद्दाम वाट बघत होते, केली नाही. काम झाल्यावर चार पावलं मागे जाऊन त्यांनी गाडी न्याहाळली आणि समाधानाने म्हणाले, "उद्या सकाळी येतो तुझ्या बापाकडं."

सकाळी बाबांनी आईकडून दाढी करून घेतली. इस्त्रीचा सदरा, टोपी. आईने पाहुण्यांचे कप काढले. नऊ वाजले, दहा वाजले. मी गच्चीवरून बघितलं, तर तात्यांची गाडी देवळापुढे. मग चौकात. मग हायवेच्या हॉटेलापुढे, बॉनेटशी चारजण वाकलेले. मग समोरच्या आळीत, त्या चुलत चुलत्याच्या दारावरून सावकाश. अख्ख्या गावाला तोंड दाखवून झालं, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाबांनी अंथरुणावर पाठ टेकली नव्हती, टोपीला घडी पडेल म्हणून.

फाटकाशी हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

तात्या गाडीतच बसून होते. काच अर्धी खाली. "त्याला बाहेर आन. बघू दे म्हनावं."

"तात्या, त्यांना चालवत नाही."

"खुर्चीवर आन की."

मी नाही म्हणणार होते, पण आतून बाबांनीच हात हलवला. आई आणि मी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर उचलून बाहेर आणलं. नळी ओट्यापर्यंतच पुरत होती. त्यापुढे फाटकापर्यंत आठ-दहा पावलांचं अंगण, आणि पलीकडे गाडी, घरघर करत उभी. आतून थंड हवेचा झोत माझ्या हाताला लागला, मी फाटक उघडायला गेले तेव्हा. उघडलं आणि बाजूला झाले, आत या म्हणून.

"आता दिसती का नवी?" तात्यांनी काचेतून विचारलं.

बाबांनी दम गोळा केला. "दिसती की. लई झ्याक. आत ये ना दादा."

"गाडी चालू हाय. ऊन किती हाय, बंद केली तर आतून तापती."

"च्या टाकलाय."

आईने कप माझ्या हातात दिला. मी तो गाडीपर्यंत नेला. मला वाटलं, निदान हा तरी घेतील. तात्यांनी कपाकडे बघितलं आणि मग सीटकडे. "नको, नवी कव्हरं टाकल्यात. सांडंल." मग आवाज खाली करून मला म्हणाले, "ते मागचे दिवे लवकर बघ. मागून लगीच वळखू येती." ओट्याकडे हात केला, "येतो रं!" आणि काच वर गेली.

शब्द पाळला गेला होता. तोंड बदललं, आणि पाय ठेवायला आता कसली आडकाठी नव्हती. तरी त्यांनी पाय ठेवला नाही. इतकं साधं होतं ते. मी फाटकात कप घेऊन उभी होते आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी दगड मारावासा वाटला, गाडीला नाही, माणसाला.

"दे तो हिकडं," बाबा म्हणाले.

त्यांनी तो चहा ओट्यावर बसून प्यायला. घोटाघोटाला थांबत, बऱ्याच वेळाने संपवला. मी म्हटलं, "बाबा, ते उतरलेसुद्धा नाहीत." बाबा म्हणाले, "आला ना? तू आनलंस त्याला. बास झालं."

त्या संध्याकाळी शेजारचे आले. बाबांनी त्यांना सांगितलं, "दादा येऊन गेला." दुसऱ्या दिवशी कंपनीतले जुने सोबती आले, त्यांना सांगितलं, "दादा आला हुता, च्या घेतला." तिसऱ्या दिवशी माझ्या मावशीला सांगितलं, की दादा बराच वेळ उशाशी बसला, शाळेच्या गोष्टी काढल्या. बोलायला त्यांना त्रास व्हायचा, तरी हे ते प्रत्येकाला सांगायचे. आई मान डोलवायची. मी उठून आत जायचे.

त्या आठवड्यातच बाबा गेले.

दहावा इंद्रायणीच्या घाटावर झाला. आमच्याकडे दहाव्याला माईक असतो. प्रवचन होतं, मग गावातले चार मान्यवर मेलेल्या माणसाबद्दल बोलतात. पुरुष पुढे, आम्ही बायका मागे चटईवर. पिंडाला कावळा शिवला, आणि मग तात्यांना बोलायला उभं केलं. पांढरे कपडे, हातात रुमाल. सुरुवात बरी केली. शाळा सोडून औत धरलं ते आलं. मग आवाज भरला.

"भाऊबंदकी कुनाच्या घरात न्हाई? आमच्यात बी बोलचाल न्हवती. पन शेवटच्या टायमाला मी मान-अपमान बाजूला ठेवला. सवता गेलो त्याच्या घरी. उशाशी बसलो. त्यानं मला म्हनलं, दादा, च्या घे. त्याच्या घरचा त्यो शेवटचा च्या पिऊनच उठलो मी."

पुरुषांत माना हलल्या. बायकांत हुंदके सुरू झाले. माझ्या शेजारची म्हणाली, "मोठ्या मनाचा हो चुलता तुझा." मी उभी राहिले. दहाव्याला बायका बोलत नाहीत, पण माईक फार लांब नव्हता, आणि मला रोज पन्नास माणसांपुढे बोलायची सवय आहे. एका वाक्यात मी त्या माणसाला गावातून उठवलं असतं.

आईने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

"खाली बस."

"आई, त्यांनी कपाला हात लावला नाही. खोटं बोलतायत ते."

"तुझ्या बापानं सांगितलंय सगळ्यांना," आई म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "या सगळ्या मानसांनी त्यांच्या तोंडून ऐकलंय. आता बापाला खोटं पाडनार हायस का तू?"

मी खाली बसले. तात्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि माईक पुढच्या माणसाच्या हातात दिला.